पाहिले, समाधानकारक

प्रार्थना संपली, तरी पोरं जागची हलेनात.

शिंगाडवाडीच्या शाळेचं पटांगण, जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेसात. थंडी अशी की पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सव्वाशे पोरं हात जोडून, डोळे मिटून उभी. मी ओसरीवरून ओरडलो, "झाली की प्रार्थना! चला वर्गात!"

एकानंही पाय उचलला नाही.

पहिल्या रांगेत चौथीतली वैजयंता उभी होती. तिनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "शिट्टी वाजली न्हाई, मोठे गुरुजी."

तिचं बरोबर होतं. आमची शाळा धनवडे गुरुजींच्या शिट्टीवर चालायची. प्रार्थना संपली की एक लांब शिट्टी, मग रांगा हलायच्या. मी मुख्याध्यापक, म्हणून गावात मला 'मोठे गुरुजी' म्हणत, पण पोरं ऐकायची ती शिट्टीचं.

"धनवडे आले नाहीत का हो?" मी मुलाणीबाईंना विचारलं. त्या पहिलीचा वर्ग घ्यायच्या.

"झोपले असतील आज. काल दुपारनंतर खो-खोची पोरं घेऊन तालुक्याला गेले होते ना. माणूसच आहे." बाई हसल्या. "मशीन असतं तर तेही एखाद्या दिवशी बंद पडतं."

बाजीराव धनवडे म्हणजे सहा फुटी गडी. वय चौतीस. कबड्डीत एकेकाळी जिल्ह्यापर्यंत खेळून आलेला. सहा वर्षांत त्यांची एक किरकोळ रजा मी मांडल्याचं मला आठवत नव्हतं. स्पर्धा परीक्षेचा जादा वर्ग त्यांच्याकडे, क्रीडास्पर्धा त्यांच्याकडे, स्नेहसंमेलनातली नाटुकली त्यांच्याकडे. ती बसवताना ते अशा नकला करायचे की हसून हसून मुलाणीबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिवाळीनंतर ते जरा वाळल्यासारखे दिसत होते खरे. मी विचारलं, तर म्हणाले, "पित्त हो. बायकोच्या हातची आमटी अन् माझं पोट, दोघांचं जमत नाही." मी हसलो. सकाळी अनशापोटी आवळ्याचा रस घ्या म्हणालो. वर आणखी खो-खोचा संघही त्यांच्या गळ्यात घातला. माणूस कामात राहिला की ठणठणीत राहतो, असं माझं तेव्हाचं मत.

मी टाळ्या वाजवून पोरांना आत पाठवलं आणि चौथीचा वर्ग स्वतः घ्यायला गेलो.

मला पोरांना शिकवायला आयुष्यभर आवडत आलं. आज एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली, तरी गल्लीतली चार पोरं संध्याकाळी माझ्या ओट्यावर वाचायला बसतात. माझी पद्धत एकच. मोठ्यानं वाच. मनातल्या मनात वाचलेलं खोटंही असू शकतं, नजर नुसती ओळींवरून फिरते. मोठ्यानं वाचताना पोर जिथं अडखळतं, तिथं कळतं याचं काय अडलंय. अडलं की मी ओरडत नाही. एवढंच म्हणतो, "अडलं की पुन्हा मागून घ्यायचं."

त्या दिवशीही मी तेच केलं.

"वैजू, गुरुजींचं टाचण आण बरं. बघू आज काय शिकवणार होते ते."

टाचण म्हणजे शिक्षकाची वही. उद्या कोणत्या तासाला कोणता विषय, त्यातलं काय शिकवायचं, साधनं कोणती, हे आदल्या दिवशी रकान्यांत लिहून ठेवायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दर शनिवारी मुख्याध्यापकानं ती वही तपासून खाली लाल शाईनं सही करायची, असा नियम होता.

वैजूनं टेबलावरची वही घेतली. खुणेची दोरी धरून शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून ताठ उभी राहिली.

"वार शनिवार. तासिका पहिली. विषय, गणित. घटक, अपूर्णांक. उद्दिष्ट, विद्यार्थी अर्धा आणि पाव ओळखतो. साधने, भाकरी."

पोरं खुसखुसली. "भाकरी खायाची का मोजायची, गुरुजी?" मागून कुणीतरी विचारलं.

"आधी मोजायची, मग खायची. वाच पुढं."

"तासिका दुसरी. विषय, परिसर अभ्यास. घटक, पाणी. शेरा..." ती थांबली.

"अडलं की पुन्हा मागून घ्यायचं."

तिनं मान हलवली आणि पुन्हा मागून घेतलं. वाचायला शिकलेल्या मुलीच्या स्वच्छ, खणखणीत आवाजात.

"विषय, परिसर अभ्यास. घटक, पाणी. शेरा. आता मला जमत नाही. उद्या पहाटे तळ्यावर जातो. पोरांना लवकर घरी सोडावे. त्यांना काही सांगू नये. शालनला माझा राग येऊ नये."

वर्गात एकदम ओरडा झाला, "तळ्यावर! तळ्यावर! आमी पन येनार!" सहल निघाली असंच पोरांना वाटलं. दोघंतिघं बाकावर चढलीसुद्धा.

वैजू माझ्या तोंडाकडे बघत होती. "चुकलं का, गुरुजी?"

"नाही बाळ. बरोबर वाचलंस." मी तिच्या हातून वही घेतली.

मागचं पान उलटलं. शुक्रवार. भाषा, कविता, विद्यार्थी चालीवर म्हणतो. शेरा: 'पोरं म्हणत होती. मला त्यांचा आवाज विहिरीच्या तळाशी बसून ऐकल्यासारखा येतो.'

आणखी मागं. 'पहाटे तीनला जाग येते. मग झोप नाही. दोन महिने झाले.'

आणखी मागं. 'भाकरी आणि माती यांतला फरक जिभेला कळत नाही.'

'मुलगी जवळ आली तर उचलून घ्यावीशी वाटत नाही. हा कसला बाप.'

वळणदार अक्षर, समास सोडलेला, एकही खाडाखोड नाही. आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी, शनिवारच्या रकान्याखाली, लाल शाईत तेच तीन शब्द. 'पाहिले. समाधानकारक. शेटे.'

ती माझी सही होती. मी सह्या मोजल्या नाहीत, पण पानं मागं उलटत राहिलो आणि त्या संपेनात.

दारात कुणीतरी आलं. मी वर पाहिलं. धनवड्यांची बायको, शालन. हातात पुरुषी स्वेटर.

"मोठे गुरुजी, ह्ये हितंच हायेत न्हवं? पाच वाजता निघालं. शाळंत काम हाय म्हनलं. स्वेटर बी न्हाई घातला, म्हनून घिऊन..." ती बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्यावरच तिनं वाचलं.

"बाई!" मी मुलाणीबाईंना हाक मारली. "सगळी पोरं तुमच्याकडे. एकालाही बाहेर सोडू नका."

आणि बावन्नाव्या वर्षी, धोतराचा सोगा एका हातात आणि ती वही दुसऱ्या हातात धरून मी पळत सुटलो.

पाझर तलाव गावाच्या खालच्या अंगाला. मध्ये शाळूची रानं. पाराजवळ धनवड्यांचे वडील आप्पा चहाची बशी तोंडाला लावून बसले होते. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, पांढऱ्या मिशा, दिवाळीपासून लेकाकडे राहायला आलेले. आम्हाला पळताना पाहून उठले.

"काय झालं? आग लागली का कुठं?"

"बाजीराव तळ्याकडं गेलेत आप्पा."

"मग? फिराय गेला आसंल. गडी घोड्यागत हाय, त्याला काय हुतंय?"

शालन थांबली नाही. पळता पळताच ओरडली, "मामंजी, तीन म्हैनं झालं सांगतीया तुमास्नी, त्यास्नी झोप न्हाई! तुमी म्हनला, पलटनीत आमी आठ-आठ दिस झोपायचो न्हाई!"

आप्पांनी बशी खाली ठेवली. काठी घेतली आणि आमच्या मागून चालू लागले. थोड्या वेळानं काठी नुसती हातात राहिली आणि तेही पळायला लागले.

शाळूच्या पानांनी हात कापले, तेही नंतर कळलं. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात एकच गणित चालू होतं. पाच वाजता निघाले. आता आठ वाजत आले. तीन तास. मास्तरला गणित येतं, हा त्या वेळी शाप वाटला.

बांधावर चढलो आणि मला आधी कपडे दिसले.

दगडावर शर्ट, नीट घडी केलेला. त्यावर घड्याळ. घड्याळावर काळ्या दोरीतली शिट्टी. शेजारी वहाणा, एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. माणूस नाही.

शालनच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

मग बांधाच्या उतारावर रचलेल्या पिचिंगच्या दगडांमागून डोकं वर आलं.

धनवडे खाली पाण्यापासून दोन हात अंतरावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंगात नुसता बनियन. ओठ निळे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण कुणालाच ओळखलं नाही असं पाहिलं.

मी घसरतच खाली गेलो आणि त्यांच्या शेजारी दगडावर बसलो. शालन दुसऱ्या बाजूला. तिनं लहान पोराला घालतात तसा स्वेटर त्यांच्या डोक्यातून घातला आणि हात बाह्यांत सरकवले.

वरून आप्पांचा आवाज आला, दम लागलेला. "ऊठ! ऊठ आधी! बाईगत काय बसलाय? गाव बघतंय! तीन पिढ्या पलटणीत गेल्या आमच्या, एक मानूस कधी..."

"आप्पा, गप्प बसा!" मी ओरडलो.

मोठ्या माणसाला मी जन्मात असं बोललो नव्हतो. आप्पा हळूच बांधावरच खाली बसले. त्यांची नजर त्या घडी केलेल्या शर्टावर गेली होती. तशी घडी पलटणीत शिकवतात. लेकाला ती त्यांनीच शिकवलेली.

पाण्यावर एक पाणकोंबडी चालली होती.

"शिट्टी वाजली नाही," धनवडे म्हणाले.

"काय?"

"प्रार्थना ऐकू आली. इथपर्यंत येते, सकाळी वारं नसलं की. संपली. मग शिट्टी वाजेना." ते थांबले. "पोरं उभीच राहिली असतील, असं वाटलं. थंडीत. मग मला उठताच येईना. तिकडंही जाता येईना, अन् पाण्यातही."

"उभीच होती," मी म्हणालो. "माझ्या सांगण्यानं हलली नाहीत."

त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या वहीवर गेली आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"वाचलंत?"

"आज," मी म्हणालो. "आज वाचलं, बाजीराव."

"आज," ते म्हणाले. "म्हणजे आधी..."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते ओशाळतील. खाजगी लिहिलेलं दुसऱ्यानं वाचलं की माणूस ओशाळतो. मी हेच गृहीत धरलं होतं की बिचाऱ्याला मन मोकळं करायला कागद लागला, हाताशी टाचण होतं, त्यात लिहिलं. पण त्यांच्या डोळ्यांत लाज नव्हती. ते चक्रावले होते.

"पण मी तुमच्यासाठीच लिहीत होतो," धनवडे म्हणाले.

"माझ्यासाठी?"

"तोंडानं सांगता येत नव्हतं. तीनदा तुमच्या खोलीत आलो. तुमच्यासमोर उभं राहिलं की तोंडातून विनोदच बाहेर पडायचा. तुम्ही हसायचात. मग वाटलं, लिहू. वही दर शनिवारी तुमच्याकडं जाते. दुसरं कुणी वाचत नाही. पहिल्या आठवड्याचं काढा."

मी काढलं. बोटं थंडीनं बधिर झाली होती, पानं सुटत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार. शेऱ्याच्या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात: 'कशातच मन लागत नाही. काय होतंय कळत नाही. मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.'

त्याखाली लाल शाई. पाहिले. समाधानकारक.

"सोमवारी वही परत आली. मी सही बघितली," धनवडे म्हणाले. ते रागानं बोलत नव्हते. वर्गात पोराला एखादी पायरी समजावून सांगावी तसं सांगत होते. "मला वाटलं, मोठ्या गुरुजींनी वाचलं. आणि त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. म्हणजे हे असंच असतं. सगळ्यांनाच असतं. सगळे गप सोसतात, मलाच जमत नाही. मग आणखी लिहिलं. पुन्हा समाधानकारक. मग मी..." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यात मुलीचं लिहिलं. वाटलं, आता तरी बोलावतील. तुम्ही बोलावलंतही."

मी बोलावलं होतं. खो-खोचा संघ सोपवायला.

एक गोष्ट मला इथं लिहिलीच पाहिजे. मी टाचणं वाचत नव्हतो असं नाही. कच्च्या शिक्षकांची मी शब्द न् शब्द वाचायचो. आमच्याकडे मध्यंतरी एक नवखे मास्तर होते, त्यांच्या वहीत मी वेलांट्यासुद्धा दुरुस्त केल्या. धनवड्यांची वही मी फक्त उघडायचो आणि सही करायचो. इतका चांगला शिक्षक, त्याचं काय तपासायचं?

"बाजीराव," मी म्हणालो, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना अरेतुरे करून म्हणालो, "चल. उठ. माझं चुकलं. घरी चल."

ते उठले नाहीत. रडायला लागले. सहा फुटांचा माणूस दगडावर बसून रडत होता आणि शालन त्याची पाठ चोळत होती. बांधावर आप्पांनी टोपी काढून तोंडावर धरली होती.

डेअरीच्या जीपनं आम्ही त्याच दुपारी साताऱ्याला गेलो. मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याची पाटी वाचून आप्पा फाटकातच थांबले. "येड्याच्या डाक्टरकडं माझा पोरगा? आरं, आपल्या तालुक्याच्या डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिलीती की."

"किती दिली?" मी विचारलं.

"बारा."

"आली ताकद?"

आप्पा आत आले.

डॉक्टरांनी धनवड्यांना समोर बसवलं. "बोला. काय होतंय?"

धनवड्यांनी तोंड उघडलं. मी पाहत होतो. आता सांगेल, आता सांगेल. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं हसू आलं. "काही नाही डॉक्टर. जरा हवा कमी झालीय. पंप असला तर मारा."

तीन तास तळ्याकाठी बसून आलेला माणूस, आणि तरीही पुन्हा तेच. दार बंद करतात तसा तो विनोद त्यांच्या तोंडातून आपोआप बाहेर पडत होता. मग ते हसूही गळालं आणि ते खाली बघत राहिले.

मी वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडली आणि वाचायला लागले. पहिल्या पानापासून. बाहेर माणसं खोळंबली होती, नर्सनं दोनदा आत डोकावलं. त्यांनी मान वर केली नाही. एका पानावर बोट ठेवून पुन्हा मागं गेले, पुन्हा पुढं आले. बत्तीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवत होतो आणि वाचणं म्हणजे काय ते त्या खुर्चीत बसून बघत होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, "ही लाल सही कुणाची?"

"माझी."

ते काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मग धनवड्यांकडे वळून त्यांनी सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे. तो आळस नाही, भित्रेपणाही नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच नाही. याला औषध आहे. सहा महिने तरी घ्यावं लागेल, दर पंधरा दिवसांनी येऊन बोलावं लागेल. सध्या काही दिवस यांना एकटं ठेवायचं नाही, घडीभरही नाही.

"यांनी बारा आठवडे रोज लक्षणं लिहून ठेवलीत," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडं येणारे पुरुष बारा मिनिटंसुद्धा बोलत नाहीत. बायका घेऊन येतात त्यांना, तेही पाठदुखी म्हणून."

गोळ्यांचा गुण दिसायला महिना गेला. शाळेत पुन्हा शिट्टी वाजायला जून उजाडला. पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं.

मंगळवारी मी वैद्यकीय रजेचा अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. अर्ज मीच लिहून नेला होता, त्यांना त्रास नको म्हणून. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, अंगात तोच स्वेटर. मुलगी त्यांच्या पायाशी गजगे खेळत होती. आप्पा दाराशी, शालन चुलीपाशी.

"फक्त सही करा," मी म्हणालो. "बाकी सगळं मी बघतो."

त्यांनी अर्ज हातात घेतला. हळूहळू वाचला. "कावीळ?"

"तसं लिहिलेलं बरं," मी आवाज खाली आणून म्हणालो. "कार्यालयात दहा जणांच्या हातून कागद जातो. उगाच बोभाटा नको. तुमच्या भल्यासाठीच."

"बराबर हाय," आप्पा म्हणाले. "काविळीला कोन नाव ठिवत न्हाई."

"पुढं पोरीचं लगीन हाय," शालनही हळूच म्हणाली. "लिवा कावीळच."

धनवड्यांनी पेन उचललं. 'कावीळ' या शब्दावर त्यांनी एक सरळ रेघ ओढली, त्या वळणदार अक्षराच्या माणसानं केलेली मी पाहिलेली पहिली खाडाखोड. वर एक एक अक्षर काढत लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आरं, साऱ्या तालुक्यात हुईल!" आप्पा उठून उभे राहिले.

"होऊ दे, आप्पा. कावीळ म्हटलं की सगळं गाव उसाचा रस घेऊन येईल." ते थकून थांबले. "मला उसाचा रस नकोय."

शालनला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिनं पदर डोळ्यांना लावला.

मी कागद गुडघ्यावर घेतला. खाली मुख्याध्यापकाच्या शिफारशीची जागा होती. खिशातलं पेन काढलं आणि सवयीनं हात थेट सहीवर गेला. निब कागदाला टेकलीसुद्धा.

धनवड्यांनी आपला मोठा पंजा अर्जावर ठेवला.

"मोठे गुरुजी," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेनला टोपण लावलं, चष्मा नीट केला आणि वाचायला लागलो. आप्पा ऐकत होते, शालन ऐकत होती, मुलीनं गजगे थांबवले होते.

"मी, बाजीराव आप्पासाहेब धनवडे, उपशिक्षक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मला..."

पुढचा शब्द माझ्या समोर स्पष्ट लिहिलेला होता. तोंडातून तो बाहेर येईना.

"अडलं की पुन्हा मागून घ्यायचं," धनवडे म्हणाले.

मी पुन्हा मागून घेतलं.